तांबोळी सरांची न उघडलेली उत्तरं

२७ नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे दाट धुकं, साडेनऊनंतर ऊन. दुपारी वारा पडलेला. कारखान्याच्या मळीचा वास पार गावात.

माणूस हयात असतो तोवर त्याचे किस्से त्याच्या ताब्यात असतात. तो गेला की ते आपोआप वाढायला लागतात, आणि आवरायला कुणी नसतं! तांबोळी सर सप्टेंबरात गेले. मातीच्या दिवशी त्यांचे तीन किस्से कानावर आले. चाळिसाव्याला अकरा झाले. दिवाळीनंतर मी मोजायचं सोडून दिलं. एकानं सांगितलं, सर इंदापूरच्या स्टँडवर दिसले. दुसरा म्हणाला, त्याच वेळी ते जळोचीत आपल्या घरापुढं कुंड्यांना पाणी घालत होते. मी दोन्ही खोडले. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल?

"सर जित्तं असतानाबी दोनीकडं असायचं," आमचे हणमंततात्या म्हणाले. "हितं बसल्यालं, आन डोकं कुटल्या देशात!"

मी इथल्या एका साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्यावर असतो. शिक्षण दहावी. पण वही रोज लिहितो: तारीख, हवा, कोण काय बोललं. सर मला नावानं हाक मारत नसत. "काटेवाले" म्हणत.

सर शिकवायचे ते 'क्रिएटिव्ह थिंकिंग'. म्हणजे नव्यानं विचार कसा करायचा ते. त्यासाठी अर्धं आयुष्य परदेशात फिरून आले आणि मग बारामतीत एका खताच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग सुरू केला. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. आम्ही सातजण. त्यातले पिंपळीचे हणमंततात्या, शेळगावच्या शाळेतल्या सुनंदाबाई आणि मी, असे तिघं एकदाही न चुकलेले.

किस्से वाढायचे तर वाढू देत, असं मी म्हटलं असतं. पण गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नी, शमीमभाभी, कारखान्यावर मला भेटायला आल्या. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. त्या काट्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळं लिहून ठेवता ना? मग एवढं बघून सांगा. ते जाणार आहेत हे त्यांना माहीत होतं का?"

मी हातानं पुढची गाडी थांबवली.

"बहीण पडली म्हणून मी मंगळवारी इंदापूरला निघाले. संध्याकाळी परत येणार होते. तेच म्हणाले, 'दोन दिवस राहून ये.' बुधवारी दुपारी ते गेले. घरात एकटे." भाभींचा आवाज अगदी सरळ होता. "माहीत असून मला पाठवलं असेल, तर मला त्यांच्यावर रागवायचंय. माहीत नसेल, तर मी राहिले कशाला म्हणून स्वतःवर. पण दोन्हींतलं एक काहीतरी ठरू दे. मला झोप येत नाही."

म्हणून मी वह्या काढून बसलो. पुढचे किस्से त्या वह्यांतले आहेत. ऐकीव एकही नाही.

*

सर पहिल्यांदा भेटले ते कारखान्यावरच. क्लार्क लोकांना ट्रेनिंग होतं. सर आले, पांढरा शर्ट, खिशात चार रंगांची पेनं. म्हणाले, "कागदावर घरी जायचा रस्ता काढा. पण रस्ता काढायचा नाही. फक्त आवाज काढा. कुठे काय ऐकू येतं तेवढंच."

आम्ही हसलो, पण काढलं. मी पिठाची गिरणी काढली, शाळेची घंटा, शेजारची म्हैस, आमचं दार.

सरांनी माझा कागद बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, "घराजवळची विहीर का नाही काढलीत?"

"विहीर नाही सर आमच्याकडे."

"बरं," म्हणाले आणि पुढच्याकडे गेले.

घरी जाऊन आईला सहज सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "तुला कुनी सांगितलं?" माझ्या जन्माआधी वडिलांनी विहीर बुजवली होती. आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा तिच्यावर आहे. त्यात कोण पडलं होतं ते मात्र आईनं त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या कागदावर सगळे आवाज एका जागेला वळसा घालून जातात," सर म्हणाले. "तेवढी जागा तुम्ही मोकळी सोडली होती. आपल्याकडे माणूस मोकळी जागा दोघांनाच सोडतो. एक देव, नाहीतर विहीर. आणि देव असता तर देवळाची घंटा काढली असतीत!"

त्या गुरुवारपासून मी वर्गाला जायला लागलो.

*

लोक परदेशातून वस्तू आणतात. सर सवयी आणायचे. प्रत्येक देशातून एकच.

एका डोंगराळ मुलुखात ते महिनाभर एका म्हातारीकडे राहिले होते. ती बाहेर पडायच्या आधी आतून दार वाजवायची. दोनदा. मग एक श्वास थांबून कडी काढायची. बाहेर जे काही उभं असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यावा, म्हणून!

ही सवय सरांनी बारामतीला आणली. वर्ग संपला की खोलीच्या दाराला आतून टक टक. खालचा खतवाला सुरुवातीला धावत वर यायचा, कोण अडकलं म्हणून.

एकदा तात्यांना राहवलं नाही. "सर, भाईर कोन हाय?"

सर कडी काढता काढता म्हणाले, "आता कुणी नाही."

त्या दिवशी आम्ही सातही जण एकदमच जिना उतरलो.

*

सुनंदाबाईंच्या शाळेतला किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे. त्या दिवशी सरांच्या गाडीवर मागे बसून मी शेळगावला गेलो होतो.

चौथीचा वर्ग. सर मुलांना म्हणाले, "आपल्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. ती अजून नाहीये. आपण तिला बनवायचं. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची."

पहिला म्हणाला, तिचं नाव मंगल. दुसरी म्हणाली, तिच्या दोन वेण्या आहेत, पण रिबीन एकाच वेणीला. तिसरा म्हणाला, ती डावा पाय ओढत चालते. मग मुलं सुटलीच! ती खिडकीशी बसते. तिला पाढे येत नाहीत, गाणी येतात. ती फ्रॉकच्या ओच्यातून सगळ्यांना पेरू आणते.

मुलं खिदळत होती. सुनंदाबाई फळ्यावर एकेक गोष्ट लिहीत होत्या. आणि शाळेचे म्हातारे शिपाई, शंकरआबा, पाण्याची कळशी घेऊन दारात उभे होते. कळशी खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

फळा भरला. सर म्हणाले, "काही राहिलं का?"

दारातून शंकरआबा म्हणाले, "समदं बराबर हाय. फकस्त पेरू न्हवं. ती बोरं आणायची."

सरांनी डस्टर घेतलं आणि फळा स्वतः पुसला. वरच्या कोपऱ्यापासून, सावकाश. मग मुलांना खेळायला सोडलं.

आम्ही गाडीवर परत निघालो. जळोचीत मला उतरवताना म्हणाले, "हा व्यायाम मी बारा देशांत घेतला, काटेवाले. आता नाही घेणार."

नाही घेतला. वहीत पुन्हा कुठेही नाही.

*

वर्गाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सर "समजा" म्हणून एक प्रश्न टाकायचे. पाच मिनिटं सगळ्यांनी आपापल्या कागदावर उत्तर लिहायचं. सरही लिहायचे. आमची उत्तरं मोठ्यानं वाचली जायची. सरांचं मात्र कुणी वाचायचं नाही. ते घडी घालून माझ्याकडे द्यायचे आणि मी ते त्या दिवसाच्या पानाला चिकटवून टाकायचो. "माझं उत्तर बघायला लागलात की तुमचं डोकं थांबेल," असा त्यांचा नियम. चार वर्षं आम्ही तो पाळला.

चिकटवलेल्या कडेवर मी तारीख आणि वेळ टाकायचो. काट्यावरची सवय. पुढं तात्यांनी आपली सहीपण सुरू केली. अर्धी कागदावर, अर्धी पानावर.

"सही कशाला तात्या?"

"उद्या कुनी म्हनंल, सरांनी मागनं लिवलं. आमी गावची मानसं. आमाला पुरावा लागतो!"

पण तात्यांना पुरावा का लागायला लागला, त्याचाही एक किस्सा आहे. तात्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं शेताच्या बांधावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एका गुरुवारी तात्याच म्हणाले, "सर, आज माझा प्रश्न घ्या. बांधाचं काय करू?"

सर म्हणाले, "समजा, बांधालाच विचारलं. तो काय म्हणेल?"

पाच मिनिटं लिहिलं. मग वाचायला सुरुवात झाली. एकजण म्हणाला, 'येऊन बसा.' दुसरा म्हणाला, 'येऊन बसा.' मी माझा कागद वाचला. माझ्यातही तेच. सातांपैकी पाच कागदांवर तेच दोन शब्द!

आम्हाला वाटलं, सरांनी काहीतरी खूण केली असणार. पण सर आमच्याहून जास्त पांढरे पडले होते. "हे मी शिकवलेलं नाही," म्हणाले.

तात्या तडक पिंपळीला गेले आणि बांधावर जाऊन पोचले. धाकटा भाऊ आधीच तिथं बसलेला.

तो म्हणाला, "किती येळ लावलास रं, दादा?"

*

आता जो किस्सा लिहितोय तो मी कुणालाच सांगितला नव्हता. भाभींनी विचारलं म्हणून सांगावा लागला.

सर गेले तो बुधवार. वहीत वेळ आहे, अकरा चाळीस. मी काट्यावर होतो. सरांचा फोन आला. आवाज बारीक, पण नेहमीसारखाच शांत.

"काटेवाले, समजा घरात एक माणूस एकटा आहे. त्याला उठवत नाही. फोन हातात आहे. तो कुणाला फोन करेल? सात उत्तरं द्या."

मला आनंद झाला! सर वर्गाबाहेर असा प्रश्न कधी कुणाला घालत नसत. मी पेन घेतलं आणि सांगायला लागलो. एक, डॉक्टरला. दोन, शेजाऱ्याला. तीन, बायकोला. चार, ज्याच्याशी भांडण आहे त्याला. पाच, स्वतःच्याच नंबरवर, लागतोय का बघायला. सहा, जुन्या शाळेत. सात, ज्याला खरं वाटणार नाही अशा माणसाला.

"छान," सर म्हणाले. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "सातवं फार छान. आठवं?"

"आठवं सुचत नाही, सर."

"मग लिहून ठेवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लिहून ठेवलं. सातही उत्तरं, क्रमानं, सुवाच्य अक्षरात. मग पुढच्या मळीच्या टँकरचं वजन घेतलं.

डॉक्टर म्हणाले, बाराच्या सुमाराला गेले असतील. दुसऱ्या कुणालाही असा फोन आला असता तर तो पळत सुटला असता. आम्हा सातजणांपैकी कुणीही पळालं नसतं. सगळ्यांनी पेनच शोधलं असतं.

हे भाभींना कसं सांगायचं, म्हणून मी आधी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांगू नगासा. लई तरास होईल."

मी सांगितलं. भाभींनी पूर्ण ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही ओझं घेऊ नका. पण हे बुधवारचं झालं. बुधवारी त्यांना कळलंच असणार. मी मंगळवारचं विचारतेय. मला पाठवलं तेव्हा माहीत होतं का?"

*

आज गुरुवार. दुपारी तीन वाजता भाभी वर्गाच्या खोलीत आल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच तो जिना चढल्या. तात्या होते, सुनंदाबाई होत्या, मी होतो. बाकीच्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं.

मी शेवटच्या गुरुवारचं पान काढलं. सर गेले त्याच्या सहा दिवस आधीचा वर्ग. त्या दिवशी सरांनी प्रश्न टाकला होता, "समजा, मी गेलो. त्या दिवशी माझ्या घरच्यांचं काय काय चाललेलं असेल?"

आम्ही हसलो होतो. तात्यांनी लिहिलं होतं, 'भाभी म्हनत असतील, आता कपाटातली पुस्तकं हालवा!' सुनंदाबाईंनी लिहिलं होतं, 'मांजर त्यांच्या खुर्चीत.' मी लिहिलं होतं, 'घड्याळ चालू.'

हे ऐकून भाभी जरा हसल्यासुद्धा.

"पण ह्याच्यावरून काही ठरत नाही," मी म्हणालो. "हाच प्रश्न सरांनी आधी दोनदा घातला होता. एकदा उन्हाळ्यात, एकदा त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा काही झालं नव्हतं."

"त्यांनी काय लिहिलं होतं?" भाभींनी विचारलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"ते आमी वाचत न्हाय," तात्या म्हणाले. "सरांचा नियम हाय."

"सर गेले तरी नियम आहे भाभी," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या. "एकदा एक उघडलं की मग सगळीच उघडली जातील."

भाभी म्हणाल्या, "नियम त्यांनी तुम्हाला घातला होता. मला नाही."



मी वही त्यांच्यापुढं ठेवली. तात्यांनी चष्मा लावला, वाकून सही बघितली, बोट फिरवलं. अर्धी कागदावर, अर्धी पानावर, रेघ कुठं तुटलेली नाही. "माजीच हाय. कुनी हात लावल्याला न्हाय." कडेवर माझ्या अक्षरात तारीख, गुरुवार, तीन पन्नास.

सुनंदाबाईंनी पर्समधून ब्लेड काढून दिलं. भाभींनी कड कापली, घडी उलगडली. निळ्या पेनानं तीन ओळी होत्या. त्यांनी मोठ्यानं वाचल्या.

"शमीम इंदापूरला. बहिणीच्या उजव्या पायाला प्लास्टर. परतीच्या बसमध्ये शमीमला जागा नाही, उभ्यानं येईल."

खाली खताच्या दुकानात कुणीतरी पोती रचत होतं. त्याचा धप्प धप्प आवाज तेवढा वर येत होता.

"उजवाच पाय," भाभी म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि बस?"

"ते गेल्याचा फोन आला तशी मिळेल त्या बसमध्ये चढले. बारामतीपर्यंत उभ्यानं आले. हे मी आजपर्यंत कुणाला बोललेले नाही. बोलायचं काय त्यात?"

तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग वहीतल्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "भाभी, तुमची भन पडली कवा?"

"रविवारी सकाळी. मोरीत पाय घसरला. रविवारी संध्याकाळी प्लास्टर झालं."

"आन् ह्ये लिवलंय त्याच्या आदल्या बेस्तरवारी," तात्या म्हणाले.

भाभी उठून खिडकीशी गेल्या आणि सरांना रागावल्या. मोठ्यानं, 'रशीद' असं नाव घेऊन. चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाल्या. सव्वाचारला थांबल्या.